भिंतीवरचा चित्रकार : अल्फोन्स मुखा

(एस. वाय. बी. ए., इतिहास)

चित्रकाराचे चरित्र लिहायला बसलो आहे आणि सुरुवात उसाच्या ट्रॉलीपासून करावी लागत आहे, याबद्दल वाचकांनी आधीच क्षमा करावी. पण मुखा नावाचा हा परदेशी चित्रकार माझ्याकडे त्या ट्रॉलीच्या वाटेनेच आला.

माझा आतेभाऊ पुण्याला इंजिनिअरिंग शिकतो. गेल्या उन्हाळ्यात त्याने मोबाईलवर खेळायचा एक खेळ तयार केला. उसाने खच्चून भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर फडातून निघतो. तो चाकोरीतून, ओढ्यावरच्या फरशीवरून आणि घाटाच्या वळणावरून न पलटता साखर कारखान्याच्या वजनकाट्यापर्यंत न्यायचा. एवढाच खेळ. पण त्याने तो फार मन लावून केला होता. मागची ट्रॉली झोल खाऊ लागली की खेळणाऱ्याचेच अंग तिरके होत असे. प्ले स्टोअरमध्ये खेळ ठेवायचा तर त्यासोबत चित्रे द्यावी लागतात. एक चौकोनी, ५१२ बिंदू लांब आणि तितकेच रुंद; दुसरे आडवे, १०२४ बाय ५०० चे. फोनवर ते चौकोनी चित्र नखाएवढे दिसते. शेकडो खेळांच्या गर्दीत माणसाचे बोट थांबवायचे ते त्या नखाएवढ्या चित्राने. माझे वडील पेंटर, म्हणून हे काम माझ्याकडे आले.

मी काय केले ते लिहायला आज लाज वाटते. ट्रॅक्टर कोण बघणार, असे मला वाटले. मी इकडची तिकडची चित्रे जोडून एक पिळदार माणूस उभा केला, त्याच्या मागे आगीचा लोळ, वर हेलिकॉप्टर आणि कड्यावरून उडी घेणारा एक ट्रक. पहिले दोन दिवस माणसे आली. मग त्यांनी लिहायला सुरुवात केली. हेलिकॉप्टर कुठे आहे, मारामारी कधी सुरू होते, असे विचारून एकेक तारा देऊन ती निघून गेली. ट्रॉली वळणावर कशी झुकते हे पाहायला एकही थांबला नाही. आतेभावाने आठ दिवस काही म्हटले नाही. नंतर एवढेच म्हणाला की त्याने चार महिने खरे काम केले आणि माझ्या एका चित्राने त्याला खोटारडा ठरवले. त्यानंतर आमचे बोलणे बंद झाले.

अशा मनःस्थितीत मी वर्गात बसलो होतो. सर पहिल्या महायुद्धानंतरचा युरोप शिकवत होते. १९१८ साली झेकोस्लोव्हाकिया हे नवे राष्ट्र जन्माला आले, त्याची पहिली पोस्टाची तिकिटे कशी होती हे सांगताना ते सहज बोलून गेले की ही तिकिटे काढणारा चित्रकार त्याआधी पॅरिसमध्ये सिगारेटच्या कागदाच्या जाहिराती काढत असे. मी ताठ बसलो. तास संपल्यावर सरांकडून नाव लिहून घेतले. फ्रेंच लोक त्याला म्यूशा म्हणतात. त्याची माणसे मुखा म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. ग्रंथालयात एक जाड इंग्रजी पुस्तक निघाले. त्याची पाने सुटी झाली होती. शब्दकोश शेजारी ठेवून दीड महिना ते वाचले.

मुखाचा जन्म २४ जुलै १८६० रोजी मोराव्हिया प्रांतातल्या इव्हानचित्से या लहान गावी झाला. त्या वेळी हा मुलूख ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. वडील कोर्टात शिपाई होते. मुलगा चालायला लागण्याआधी चित्रे काढू लागला आणि आईने त्याच्या गळ्यात रंगखडू बांधून ठेवला होता, असे सांगतात. थोर माणसांच्या बालपणी असे काहीतरी सांगतातच, त्यामुळे मी ते फार मनावर घेतले नाही. गळा मात्र खरोखर गोड होता. ब्रनो शहरातल्या चर्चमध्ये गाणारा मुलगा म्हणून त्याची राहण्याशिकण्याची सोय झाली. पुढे आवाज फुटला आणि तो आधार गेला. १८७८ साली त्याने प्राग येथील कला अकादमीत प्रवेशासाठी अर्ज केला. दुसरा एखादा व्यवसाय बघ, असा सल्ला देऊन त्याला परत पाठवण्यात आले.

तेव्हा त्याने व्हिएन्नात नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या एका कंपनीत नोकरी धरली. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. पडदा जवळून बघण्यासाठी नसतो. शेवटच्या रांगेतल्या माणसाला राजवाडा राजवाडाच दिसला पाहिजे, हे ज्याने दोन वर्षे हाताने शिकून घेतले त्याला पुढे दोन मीटर उंचीच्या कागदाची धास्ती वाटण्याचे कारण नव्हते. पण डिसेंबर १८८१ मध्ये व्हिएन्नाचे रिंगथिएटर जळाले. शेकडो माणसे त्या आगीत गेली. ते नाट्यगृह म्हणजे कंपनीचे मोठे गिऱ्हाईक; कामे घटली आणि मुखाची नोकरी सुटली. खिशातल्या पैशात जिथपर्यंत तिकीट मिळेल तिथपर्यंत तो आगगाडीने गेला आणि मिकुलोव्ह नावाच्या गावी उतरला, अशी हकीगत आहे. तिथे लोकांची चित्रे काढून तो पोट भरू लागला. त्या भागातल्या एका उमरावाने त्याला आपल्या वाड्याच्या भिंती रंगवायला दिल्या, काम पाहून तो खूश झाला आणि त्याने मुखाला स्वतःच्या खर्चाने म्युनिकला आणि १८८७ साली पॅरिसला शिकायला पाठवले. १८८९ च्या सुमारास ही मदत थांबली. त्यापुढची पाच वर्षे हलाखीची. मासिकांसाठी आणि पुस्तकांसाठी चित्रे काढायची, आणि एका खाणावळवाल्या बाईंच्या उधारीवर जेवायचे. गोगँ हा मोठा चित्रकार ताहितीहून परतल्यावर काही दिवस मुखाच्याच खोलीत काम करीत असे. गोगँ पायात विजार नसताना मुखाची बाजाची पेटी वाजवतो आहे, असा त्या काळातला एक फोटो आहे. मुखानेच काढलेला. पुस्तकाच्या सुट्या पानांत तो मला मिळाला तेव्हा ग्रंथालयात मी मोठ्याने हसलो आणि ग्रंथपालांची बोलणी खाल्ली.

आता पॅरिसच्या भिंतींविषयी सांगितले पाहिजे. १८८१ च्या जुलैत फ्रान्समध्ये जो छपाईस्वातंत्र्याचा कायदा झाला, त्याने जाहिराती चिकटवण्याची वाटही मोकळी केली. त्याच सुमारास शिळाप्रेसवर रंगीत छपाई स्वस्तात होऊ लागली. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे. दगड ओला केला की शाई फक्त तेलकट जागी धरते, पाण्याच्या जागी धरत नाही. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. यूल शेरे या चित्रकाराने या तंत्राने हसऱ्या, उडत्या मुलींची लाल-पिवळी पोस्टरे काढून सगळे शहर रंगवून टाकले होते. १८९१ साली तुलूझ-लोत्रेकने मुलाँ रूज या नाचघराचे पोस्टर काढले. थोडक्यात, मुखा भिंतीपाशी आला तेव्हा भिंत रिकामी नव्हती. प्रत्येक चित्र शेजारच्यापेक्षा मोठ्याने ओरडत होते. माझ्या आतेभावाचा खेळ जिथे ठेवला होता तिथेही हेच चालते.

१८९४ चा नाताळ. चित्रकार मंडळी सुटीवर गेलेली. मुखा एका मित्राच्या कामाची मुद्रिते तपासायला लमेर्सिये यांच्या छापखान्यात बसला होता. तेवढ्यात सारा बर्नहार्ट या नटीचा निरोप आला. सारा त्या काळातली युरोपातली सर्वांत नावाजलेली नटी. रनेसाँस हे थिएटर ती स्वतःच चालवीत होती आणि तिथे तिचे गिस्मोंदा हे नाटक ऑक्टोबरअखेरीपासून सुरू होते. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी नाटकाचे नवे पोस्टर भिंतीवर हवे, असा तिचा हट्ट होता. हाताशी दुसरा कोणी नाही म्हणून व्यवस्थापकाने मुखाला विचारले. पोस्टराचे म्हणण्यासारखे काम त्याने त्याआधी केले नव्हते. वय ३४.

तो नाटक बघायला गेला. मी त्याचे चरित्र वाचताना याच ओळीपाशी पुस्तक मिटून बसलो होतो. ज्याचे चित्र काढायचे ते त्याने आधी जाऊन पाहिले. मी आतेभावाचा खेळ एकदाही पूर्ण खेळलो नव्हतो. माझी ट्रॉली फरशीवरच पलटायची आणि मी फोन ठेवून द्यायचो.

मुखाने शेवटच्या अंकातली सारा निवडली. मिरवणुकीत चाललेली, केसांत फुले माळलेली, अंगावर जड भरजरी झगा, हातात झावळीची लांब फांदी. एवढी एकच व्यक्ती त्याने उभी केली. कागद दोन मीटरहून उंच आणि पाऊण मीटरही रुंद नाही, म्हणजे फुटपाथवरून जाणाऱ्यासमोर जवळजवळ पुरुषभर उंचीची बाई उभी राहते. वर नाटकाचे नाव, डोक्यामागच्या कमानीत साराचे नाव, पायाशी थिएटरचे नाव. रंग भडक नाहीत. फिके हिरवे, तपकिरी आणि सोनेरी. सगळी भिंत ओरडत असताना हे चित्र गप्प उभे होते, आणि माझ्या मते लोक त्यामुळेच थांबले असावेत. छापखान्यातल्यांना ते पसंत पडले नव्हते. साराला मात्र ते बघताक्षणी आवडले, आणि तिने मुखाशी सहा वर्षांचा करार केला. १ जानेवारी १८९५ ला पोस्टर लागले आणि लोकांनी रात्री पात्यांनी कापून ते भिंतीवरून पळवले, असे सांगतात.

ते चित्र मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दाखवले. अण्णांविषयी दोन शब्द लिहितो. ते बोर्ड रंगवतात. किराणा व भुसार मालाची दुकाने, दूध संस्था, शाळेच्या भिंती, ट्रॉलीच्या फाळक्यावर मालकाच्या मुलांची नावे. शिक्षण चौथीपर्यंत. वर्तमानपत्र वाचायला त्यांना वेळ लागतो, पण अक्षर काढायला बसले की वेलांटी नि उकार असा बसवतात की छापील वाटावा. फ्लेक्स आल्यापासून बोर्ड गेले. आता उरल्या त्या ट्रॉल्या. माझ्या प्रवेश अर्जावर त्यांनी सही केली तेव्हा खिडकीतल्या कारकुनाने त्यांना शिक्षण किती झाले म्हणून विचारले होते. सही पाहून विचारले, की आणखी काही पाहून, हे मला तेव्हा कळले नाही. मी मात्र त्यांच्यापासून दोन पावले दूर सरकून उभा राहिलो होतो.

तर अण्णांनी फोन हात लांब करून धरला, डोळे किलकिले केले आणि बराच वेळ पाहिले. मग त्यांनी सांगितले की या माणसाने बाईच्या डोक्यामागे कमान टाकली आहे, ती शोभेसाठी नाही; अक्षराला शेड दिली की ते बोर्डातून उठून येते तसे तोंड उठावे म्हणून टाकली आहे. धावत्या एस. टी.तून बघणाऱ्याला एकच गोष्ट दिसते, दोन ठेवल्या तर एकही दिसत नाही, हे त्यांचे नेहमीचे म्हणणे. पुस्तकात जे मी चार पानांत वाचले होते ते त्यांनी चहा निवायच्या आत सांगितले. साराचे वय त्या वेळी ५० होते हे मी त्यांना सांगितले तेव्हा ते हसले. गिऱ्हाइकाचे वय थोडे कमी काढावेच लागते, त्याला खोटे म्हणत नाहीत, असे त्यांचे मत पडले.

यानंतर मुखाला उसंत मिळाली नाही. साराची आणखी पोस्टरे, तिचे दागिने, तिचे पोशाख. शांपन्वा या छापखानदाराने त्याला बांधून घेतले. बिस्किटे, मद्य, सायकली, चॉकलेट, अत्तरे, सगळ्यांना मुखाची बाई हवी झाली. एका चित्राची किती रूपे होत असत पाहा. राशींच्या वर्तुळात एका स्त्रीचा चेहरा, हे चित्र १८९६ साली छापखान्याच्या दिनदर्शिकेसाठी निघाले. तेच पुढे एका मासिकाने १८९७ च्या दिनदर्शिकेसाठी घेतले आणि त्यानंतर कितीतरी गिऱ्हाइकांची नावे त्याखाली छापली गेली. मजकूर काढून टाकलेली चित्रे लोक घरात लावायला विकत घेत. चित्र घेण्याची ऐपत नसलेल्या घरांतही त्यामुळे चित्र आले, ही गोष्ट मुखाला स्वतःला फार मोलाची वाटत असे.

जॉब नावाच्या सिगारेट-कागदाचे त्याचे १८९६ चे पोस्टर मला सर्वांत अवघड वाटते. जाहिरातदाराच्या नावाची तीन मोठी अक्षरे, आणि मधल्या अक्षरावर मुखाने चक्क त्या बाईचे डोके ठेवले आहे. तरी नाव वाचता येते. अर्धे झाकलेले अक्षर डोळा स्वतः पुरे करतो आणि पुरे केलेले विसरत नाही. अण्णांना हे पटले नाही. त्यांच्या मते मालक पैसे देणार नाही.

सगळीकडे तीच बाई, केसांची तीच वेटोळी, असा आक्षेप त्याच्यावर तेव्हाही घेतला गेला आणि तो खोटा नाही. सायकलीच्या एका पोस्टरात तर सायकल म्हणजे जवळजवळ नुसता हँडल. त्यावर एक मुलगी रेलली आहे आणि तिचे केस वाऱ्यावर उडत आहेत. पहिल्यांदा ते पाहून मला बरे वाटले, की हाही माझ्यासारखाच निघाला, माल एक आणि चित्र भलतेच. नंतर विचार केला. मी नववीत असताना मामाची सायकल घेऊन उतारावरून सोडली होती तेव्हा मला सायकल दिसतच नव्हती, वाराच होता. सायकल घेणाऱ्याला तो वारा मिळणार होता. माझ्या हेलिकॉप्टरची गाठ मात्र खेळात कुणालाच पडणार नव्हती. सिगारेटच्या कागदाबाबत हा हिशेब कसा लावायचा ते मला सांगता येत नाही. त्या धुरात त्या बाईच्या चेहऱ्यावर जे सुख आहे ते कागदाच्या पाकिटात नसते. तिथे मुखा खोटे बोलला, असेच मी म्हणतो.

त्याला स्वतःलाही या कामाचा कंटाळा येऊ लागला होता. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात बोस्निया-हर्जेगोविनाच्या दालनाचे काम त्याच्याकडे आले, त्यासाठी तो बाल्कन प्रदेशात फिरला आणि स्लाव लोकांचा इतिहास मोठमोठ्या चित्रांत मांडण्याची कल्पना त्याच्या मनात रुजली. पैसा नव्हता. १९०४ पासून तो अमेरिकेच्या खेपा करू लागला. १९०६ साली त्याने मारुश्का खितिलोवा या झेक मुलीशी लग्न केले. अमेरिकेत त्याच्या नावाचा साबणही निघाला, वेष्टन अर्थात त्याचेच. शेवटी चार्ल्स क्रेन या शिकागोच्या धनिकाने खर्च उचलायचे कबूल केले आणि १९१० साली मुखा मायदेशी परतला. तिथे स्वागत झाले असे नाही. प्राग नगरगृहातल्या महापौरांच्या दालनाचे काम त्याला मिळताच स्थानिक कलावंतांनी पॅरिसहून आलेल्या या जाहिरातवाल्याविरुद्ध कुरबूर केली.

याच काळातले, १९१२ चे, एक पोस्टर सरांनी दाखवलेल्या चित्रांत नव्हते. मला ते नंतर सापडले. त्याच्या जन्मगावच्या बाजूला, नैऋत्य मोराव्हियात, झेक मुलांना आपल्या भाषेच्या शाळा पुरेशा नव्हत्या. जर्मन शाळांचा जोर होता. झेक शाळांना पैसा उभा करण्यासाठी एका संस्थेने सोडत काढली, तिचे हे पोस्टर. मागे वाळक्या झाडाशी खचून बसलेली एक स्त्री, म्हणजे त्यांची मातृभूमी. पुढे एक लहान मुलगी उभी आहे. तिच्या हातात वह्या आणि पेन्सिली. पॅरिसच्या बायकांचे डोळे अर्धे मिटलेले असतात; ही मुलगी सरळ बघणाऱ्याकडे पाहते, आणि रागाने पाहते. गोड दिसायचा काडीचाही प्रयत्न नाही. केसांची वेटोळी नाहीत. विकायला काय आहे, तर सोडतीचे तिकीट. पण तिकिटाच्या आत काय आहे ते त्या हातातल्या वह्यांत दिसते.

हे चित्र मी खोलीत लावले आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. प्रवेशाच्या दिवशी खिडकीपाशी मी ज्या दोन पावलांनी सरकलो होतो, ती पावले मला या मुलीसमोर रोज आठवतात.

मोठ्या चित्रांची कथा लांबची आहे, मी थोडक्यात सांगतो. झ्बिरोह येथील गढीत जागा घेऊन मुखाने सुमारे १८ वर्षांत २० चित्रे पुरी केली. त्यांतली सर्वांत मोठी ६ मीटर उंच आणि ८ मीटर रुंद. १९२८ साली, राष्ट्राला दहा वर्षे झाली तेव्हा, ती त्याने प्राग शहराला अर्पण केली. शहराने त्यांच्यासाठी स्वतंत्र इमारत बांधावी एवढी अट होती. दरम्यान त्याने नव्या राष्ट्राची तिकिटे आणि नोटाही काढल्या होत्या. पहिल्या तिकिटावर प्रागच्या किल्ल्यामागे सूर्य उगवताना दाखवला होता. त्या जागी सूर्य उगवत नाही हे लोकांनी दाखवून दिले आणि पुढच्या काही तिकिटांवरून सूर्य निघून गेला. चित्रमालेला नव्या पिढीचे समीक्षक जुनाट म्हणाले. राष्ट्र स्वतंत्र झालेले, आता एवढ्या मोठ्या पूर्वजांचे काय करायचे असा त्यांचा रोख होता. इमारत त्याच्या हयातीत झाली नाही. १९३१ साली प्रागच्या सेंट व्हिटस कॅथेड्रलसाठी त्याने रंगीत काचेची खिडकी केली. तिचा खर्च स्लाविया नावाच्या बँकेने दिला, आणि खिडकीच्या तळाशी त्या बँकेचे नाव आहे. जाहिरात काही त्याला देवळातही सोडून गेली नाही.

मार्च १९३९ मध्ये हिटलरचे सैन्य प्रागमध्ये शिरले. स्लाव राष्ट्राभिमानाची चित्रे काढणारा म्हणून मुखा नाझींच्या यादीत होता. गेस्टापोने ७८ वर्षांच्या या म्हाताऱ्याला चौकशीसाठी नेले. सोडले, पण प्रकृती खचली ती खचलीच. फुप्फुसाच्या आजाराने १४ जुलै १९३९ रोजी तो गेला. वाढदिवसाला दहा दिवस उरले होते. व्हिशेह्राड येथे त्याची समाधी आहे. युद्धात चित्रमाला गुंडाळून लपवून ठेवावी लागली. लोकांना ती पुन्हा नीट पाहायला मिळाली १९६३ साली, त्याच्या जन्मगावाजवळच्या मोराव्हस्की क्रुमलोव्हच्या वाड्यात.

आणि ज्या पोस्टरांना तो आयुष्याच्या उत्तरार्धात विटला होता, ती मात्र त्याच १९६३ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात मांडली गेली. १९६६ साली सान फ्रान्सिस्कोत एका संगीताच्या जलशाच्या पोस्टरावर जॉबची बाई परत आली, हिरव्या केसांनी. पुढे जपानमधल्या चित्रकथा काढणाऱ्यांनी त्याच्या कमानी आणि केस उचलले. १९८७ साली सुरू झालेल्या फायनल फँटसी या व्हिडिओ खेळांच्या मालिकेची चित्रे काढणारा योशिताका अमानो हा त्यांतलाच. २०१९ साली टोकियोत मुखाचे प्रदर्शन भरले तेव्हा अमानोची चित्रे त्याच दालनांत लावली होती. म्हणजे व्हिडिओ खेळाच्या चित्रापर्यंत मुखा माझ्या आधीच पोचला होता.

दिवाळीत आतेभाऊ घरी आला. मी त्याला मुखाविषयी काही सांगितले नाही. फोन मागून घेतला आणि दोन दिवस त्याचा खेळ खेळलो. तिसऱ्या दिवशी माझी ट्रॉली वजनकाट्यावर पोचली. मग अण्णांना विचारले. त्यांनी पत्र्याचा एक तुकडा घेतला, त्यावर पिवळा मारला, आणि मागून दिसणारी एकच ट्रॉली काढली; एका अंगाला झुकलेली, ऊस बाहेर आलेला, एक चाक जमिनीपासून बोटभर सुटलेले. फाळक्यावर खेळाचे नाव. ट्रॅक्टर काढलाच नाही. लाल रिफ्लेक्टरचा एक ठिपका दिला, तो त्यांनी तीनदा पुसून तीनदा दिला. पत्र्याचा फोटो काढून आतेभावाने तो नखाएवढा केला आणि आधी आत्याला दाखवायला नेला. तिने चष्मा न लावता फोन लांब धरला, आणि ही ट्रॉली आता पडणार, मागून येणाऱ्याला कोणीतरी हाक मारा, असे म्हणाली.